बांध कोरणाऱ्यांनो, ऐका

येंगताईचा आवाज मुळातच मोठा. ती परसात उभी राहून डुकराला हाक मारायची आणि ओढ्याच्या पलीकडची डुकरं मान वर करायची, अशी आमच्याकडे तिची चेष्टा होती. लग्नाआधी वसंतातल्या जत्रेत ती अलीकडच्या काठावरून गाणं म्हणायची आणि पलीकडची पोरं गाण्यातच उत्तर द्यायची. अलीकडे व्हिएतनाम आणि पलीकडे चीन, हे आम्हाला मुलांना शाळेत मुद्दाम सांगावं लागे, कारण दोन्ही काठांवर राहणारे आम्ही नुंग जमातीचेच. बोली एक, सोयरिकी एकमेकांत, बाजार एका आठवड्याला इकडे तर पुढच्या आठवड्याला तिकडे.

मी गावच्या शाळेत शिकवत असे. तिच्या-माझ्या घरांच्या मध्ये एक पपनसाचं झाड, एवढंच अंतर. वयानं ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण सगळं गाव मला बाई म्हणायचं म्हणून तीही बाईच म्हणायची.

तिचा नवरा वोंग सिन हा चिनी वंशाचा. त्याचा आजा इकडे येऊन राहिला होता. सिन तांदळाच्या पातळ पोळ्या वाफवून विकायचा, सोबत हाडांचा रस्सा. मितभाषी माणूस. बायको दोघांच्या वाटणीचं बोलते, मग मी कशाला तोंड शिणवू, असं म्हणायचा. त्यांना एकच मुलगी, मेन. अठ्ठ्याहत्तर साली ती सहा वर्षांची होती.

त्या वर्षी दोन्ही सरकारांचं बिनसलं. चिनी वंशाच्या लोकांचं आता इथं काही खरं नाही, अशा कंड्या उठल्या आणि माणसं बोचकी बांधून ओढ्यावरचा पूल ओलांडायला लागली. सिनची आई भित्री. तिनं अन्नपाणी सोडलं. तिचा भाऊ पलीकडे पाक माय गावात होता, तिथं मला पोचव, म्हणून तिनं धोशा लावला. मेन आजीशिवाय झोपत नसे आणि आजी मेनशिवाय पाऊल उचलायला तयार नव्हती.

ते निघाले त्या सकाळी मी अंगणात होते.

"आठ दिवसांत येतो," सिन म्हणाला. "आई तिथं रुळली की पोरीला घेऊन येतो."

"दहा झाले तरी चालतील," येंगताई म्हणाली. "लावणी उरकल्यावरच ये. नाहीतर मध्येच येशील आणि चिखलात उतरायला नको म्हणून लोळत पडशील."

सिन हसला. मेननं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातात आजीनं दिलेला उसाचा तुकडा होता.

सातव्या दिवशी पूल बंद झाला.

पुढच्या वर्षी टेटचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच पलीकडून फौज आली. सगळं गाव डोंगरातल्या गुहेत जाऊन बसलं. वीस दिवस आम्ही भिजवलेले कच्चे तांदूळ चघळले. परत आलो तेव्हा माझ्या शाळेच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. येंगताईचा थोरला भाऊ खाम, त्याचा मोठा मुलगा गावच्या पहाऱ्याच्या तुकडीत होता. तो पुलापाशी पडला. खामनं त्याला परसातच पुरलं. येंगताई मातीला गेली, तेव्हा खाम तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचे लोक होते." त्या दिवसापासून गावात तिच्याशी बोलणं लोक कामापुरतं करायला लागले. शत्रूची म्हणावं, तर ती आमच्याच गावात जन्मलेली. आमची म्हणावं, तर तिचं माणूस तिकडे. तिला कुठं ठेवावं हे कुणालाच कळत नव्हतं.

ऐंशी साली कॅप्टन दोआन आले. सपाटीवरचे, समुद्राकडचे. त्यांना आमची बोली अक्षरभर येत नव्हती. त्यांनी डोंगराच्या कुशीत खंदक खणून पलीकडे तोंड करून भोंगे बसवले. एक नाही, बारा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. आता त्यांना हवी होती बोलणारी. ते मला बरोबर घेऊन येंगताईकडे गेले.

"तुमचा आवाज लांब जातो म्हणतात."

"माझा नवरा तिकडे आहे, साहेब. मुलगी आहे."

"माहीत आहे."

"मग मी कशी?"

दोआन वाईट माणूस नव्हता. पण त्यानं सांगायचं ते सांगितलं. "तुम्ही नाही म्हणालात तर गाव काय म्हणेल, तेही मला माहीत आहे. विचार करा."

तिनं विचार केला नाही. लगेच हो म्हणाली. मला वाटलं, घाबरली. त्यांना वाटेला लावून आम्ही परत येत होतो, तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "बाई, तिथून पाक मायपर्यंत ऐकू जाईल का?"

"वारा तिकडे जाणारा असेल तर जाईल."

"मग झालं," ती म्हणाली.

वाचायचे कागद जिल्ह्याच्या गावाहून येत, व्हिएतनामी भाषेत. येंगताई अक्षरओळख असलेली, पण मोठे शब्द तिला अडत. ते सोपे करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच कागदावर पहिल्याच ओळीत तो शब्द होता. विस्तारवादी. "पीकिंगच्या विस्तारवाद्यांनो," अशी सुरुवात, आणि मग दर तिसऱ्या ओळीत विस्तारवाद, विस्तारवादी, विस्तारवादाची भूक.

"हे काय असतं?" तिनं विचारलं.

मी शाळेतल्या कोशात पाहून ठेवलं होतं. "एखाद्या राष्ट्रानं स्वतःच्या हद्दीबाहेर सत्ता पसरवण्याचं धोरण."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्याच वर्गातली मुलं आठवली.

कॅप्टन मदतीला आले. व्हिएतनामीत हा शब्द फुगण्यावरून आला आहे. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला. "ओला चारा खाल्ला की म्हशीचं पोट कसं तट्ट फुगतं? तसं. फुगायचं आणि पसरायचं."

"असं होय," येंगताई म्हणाली. हे तिला कळलं. आणि पहिल्या दिवशी तिनं आमच्या बोलीत बाराच्या बारा भोंग्यांतून सुनावलं, "पीकिंगच्या पोटफुग्यांनो, ऐका."

त्या काळी पलीकडेही दोन वेळच्या पेजेची मारामार होती. दुसऱ्या दिवशी ओढ्यात मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिकडूनच ओरडून विचारलं, "अगं बये, आमची पोटं फुगायला तुमच्याकडचं काही पाठवतेस का? इकडे तर पाठीला लागलीत." खंदकातले आमचे शिपाईही हसले. कॅप्टनना कुणीतरी ते समजावून सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. दुसरा शब्द शोधा, म्हणाले.

येंगताई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मी मुलांच्या वह्या तपासत असताना दारात येऊन उभी राहिली.

"बाई, हे विस्तारवादी म्हणजे, आपला एक बांध आहे, शेजाऱ्याचा एक बांध आहे, बरोबर?"

"बरोबर."

"आणि शेजारी दर नांगरणीला आपला बांध जरा जरा कोरतो. आज चार बोटं, पुढच्या खेपेला वीतभर. विचारलं तर म्हणतो, बांध पहिल्यापासून इथंच होता."

"हो. तेच."

"मग बांध कोरणारे म्हणू की. एवढं पोट कशाला फुगवायचं?"

कोशातल्या दोन ओळींपेक्षा ते सरस होतं, हे मी आजही म्हणेन. पुढं मी वर्गातही तसंच शिकवलं. मुलांनी पुन्हा कधी अर्थ विचारला नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी आणि दुपार कलताना आमच्या डोंगरातून हाक उठायची, "बांध कोरणाऱ्यांनो, ऐका." हे मात्र कुणी हसण्यावारी नेलं नाही. भातखाचरात राबणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिवी नाही. आठवडाभर पलीकडे शांतता होती. मग त्यांनीही भोंगे आणले, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारी बाई आमच्याच बोलीत, आमच्याच हेलात म्हणाली, "बांध कोरणारे तुम्ही. कंबोडियाचा बांध कुणी कोरला? लाओसचा कुणी कोरला?"

कॅप्टन दोआन संतापले. "शब्द आपला, आणि तो आपल्यालाच?"

"शेतकऱ्याचा शब्द आहे, साहेब," येंगताई म्हणाली. "दोन्हीकडे शेतीच करतात."

नऊ वर्षं हे चाललं. ती त्यांना म्हणायची, पलीकडची बाई तिला म्हणायची. मधूनमधून तोफा चालायच्या, तेव्हा दोघीही गप्प. तोफा थांबल्या की पुन्हा. कागद बदलत, बांध कोरणारे कायम. तिच्यामागे कायम एक शिपाई उभा असे, आमचाच, बोली जाणणारा. कागदाबाहेरचा एक शब्द जाऊ द्यायचा नाही, असा त्याला हुकूम होता. मी एकदा विचारलं, कधी मुलीचं नाव घ्यावंसं वाटत नाही का? ती म्हणाली, "नाव घेतलं तर दुसऱ्या दिवशी मला काढतील. मग मी जिवंत आहे हे तिला कसं कळायचं?"

तेव्हा मला समजलं की या बाईनं हो का म्हटलं होतं. ती काय वाचते हे तिच्या लेखी गौण होतं. ती रोज दोन वेळा पलीकडे फक्त एवढंच कळवत होती, की मी आहे. आणि त्यासाठी तिला रोज दोन वेळा त्यांना शिव्या द्याव्या लागत होत्या.

आठवड्यातून एकदा तिला मीठ, रॉकेल आणि तांदूळ मिळे, शिपायांइतकंच. त्यावरूनही गावात बोलत. विहिरीवर बायका तिच्यासाठी जागा करून देत आणि ती गेली की बोलायला लागत. संध्याकाळी ती खंदकातून उतरायची, चूल पेटवायची. माझ्या स्वयंपाकघरातून मला तिच्या घराचा धूर दिसे. एवढा मोठा आवाज असलेल्या बाईच्या घरातून भांड्याचाही आवाज यायचा नाही.

एकोणनव्वद साली एका सकाळी हाक उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ट्रक आला आणि भोंगे उतरवून घेऊन गेला. वरती समेटाची बोलणी सुरू झाली होती. शाळेत माझ्याकडे एक कागद आला, की अमुक पानावर अमुक ओळीत जो शब्द आहे, त्यावर पांढरी पट्टी चिकटवावी. मी खळ शिजवली आणि चाळीस पुस्तकांत चाळीस पट्ट्या चिकटवल्या. पट्टी दिसली की मुलांना नेमकं तेच वाचायचं असतं. आठवड्याभरात सगळ्यांनी नखांनी पट्ट्या खरवडून शब्द वाचला होता. "बाई, हा तर आपला बांध कोरणारे," एक मुलगी म्हणाली. मी म्हटलं, पुढचा धडा काढा.

येंगताईला कुणी निरोप द्यायला आलं नाही. कॅप्टन दोआन तर चार वर्षांपूर्वीच बदलून गेले होते. नव्या माणसानं तिला सांगितलं, उद्यापासून यायला नको, आणि तो शब्द आता कुठं बोलायचा नाही. ती माझ्याकडे येऊन ओट्यावर बसली.

"पेरलं नऊ वर्षं," ती म्हणाली. "आता म्हणे बी परत द्या."

त्याच सुमारास सामुदायिक शेती मोडली आणि जमिनी घरटी वाटून मिळाल्या. येंगताईच्या वाट्याला उताराच्या तळाची तीन खाचरं आली. बांधापलीकडची खामची. तिचा सख्खा भाऊ. पहिल्या हंगामाला बांध हातभर रुंद होता. दुसऱ्या हंगामाला वीतभर राहिला. तिसऱ्या हंगामात त्या बांधावरून चालायचं तर पाय तिरका टाकावा लागे, आणि तो आख्खाच्या आख्खा तिच्या बाजूला सरकलेला.

गावाला हे दिसत होतं. लोकांना मजा वाटली, खोटं कशाला बोलू. "येंग, भोंगा परत मागव की," म्हणायचे. "आता शब्द कुठं गेला?"

ती ऐकून घ्यायची. मला वाटलं, ही काही करणार नाही. पण नांगरणीच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती कुदळ घेऊन गेली आणि बांधावर बसली. खाम रेडा घेऊन आला. मी माझ्या खाचरात होते, दोन ढांगांवर.

"ऊठ," खाम म्हणाला.

"दादा, बांध तिकडे होता. त्या दगडापाशी."

"असेल."

"असेल नाही, होता."

खामनं रेड्याचा दोर हातावर गुंडाळला. तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी समजुतीनं बोलला. "येंग, माझ्या घरात खाणारी सात तोंडं आहेत. तू एकटी. एकटीला किती लागतं?"

मला वाटलं, आता तो शब्द येणार. सगळ्या दरीला ऐकू जाईल असा येणार. पण ती इतकं हळू बोलली की मला कान द्यावा लागला.

"एकटीला लागतं तेवढंच आहे, दादा. एकटी असण्याला पण जागा लागते."

"माझा पोरगा गेला," खाम म्हणाला.

"माझी पण गेली."

"तुझी जिवंत आहे."

ती उठली, दगडापाशी गेली आणि कुदळ मारायला लागली. दोन दिवस खपून तिनं बांध जुन्या जागी घातला. कुणी मदतीला गेलं नाही. मीही नाही. शाळा होती, असं मी स्वतःला सांगितलं. खामनं तो बांध पुन्हा कोरला नाही, पण मरेपर्यंत तो बहिणीशी बोललाही नाही. जमीन राहिली आणि माहेर गेलं.

एक्याण्णवच्या अखेरीला पूल उघडला. पहिल्या बाजाराच्या दिवशी सगळं गाव ओढ्यावर. येंगताई पहाटेच जाऊन उभी राहिलेली. मी तिच्याबरोबर होते. पाक मायची माणसं आली, ओळखी निघाल्या, रडारड झाली. दुपारपर्यंत सिन आला नाही. मग एक उंच मुलगी गर्दीतून सरळ आमच्याकडे आली. कारखान्यातल्या बायकांसारखे केस बारीक कापलेले. तिनं येंगताईला नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "काही बोल बघू."

"मेन?" येंगताई म्हणाली.

"हं. तोच आवाज," मुलगी म्हणाली. तिनं आईला मिठी मारली नाही. हात धरला.

घरी आणून येंगताईनं तिला पोळ्या वाढल्या, सिन करायचा तशा. जमल्या नव्हत्या, फाटत होत्या. मेन खाली मान घालून खात होती. येंगताईला किती विचारू आणि किती नको असं झालं होतं, आणि ती सगळं खंदकातल्यासारखं मोठ्यानं विचारत होती.

"आई, हळू बोल," मेन म्हणाली. "मी समोरच आहे."

येंगताई ओशाळली. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "बाबा नाही आले?"

मेननं वाटी खाली ठेवली. "बाबा पंच्याऐंशीत गेले. दगडाच्या खाणीत कामाला होते. छातीत धूळ बसली. आजी त्यानंतर दोन वर्षांनी."

मी उठून जायला निघाले. येंगताईनं माझं बोट धरून ठेवलं.

"मला वाटलं, तुला कुणीतरी कळवलं असेल," मेन म्हणाली.

"कोण कळवणार? माझं तिकडे ऐकू जायचं. तिकडचं मला कोण सांगणार?" मग जरा थांबून, "ऐकू यायचं ना?"

"रोज. शाळेत मला भोंग्याची पोर म्हणायचे. मी कान झाकायची. मला तुझा राग यायचा, आई. रोज सकाळी तू आम्हाला चोर म्हणत होतीस."

"कागदावर तसं होतं."

"ते मला आता कळतं. आठ वर्षांच्या पोरीला कुठं कळतं? आजी मात्र अंगणात स्टूल टाकून बसायची. ऐकून झालं की म्हणायची, आहे बाई सुखरूप, चला कामाला."

"आणि बाबा?"

"ते हातातलं काम थांबवायचे. तुझं संपलं की परत सुरू करायचे." मेन थोडी घुटमळली आणि मग तिनं सांगून टाकलं. "ज्या दिवशी त्यांना वर टेकडीवर नेलं, तेव्हाही तू वाचत होतीस. आम्ही चढत होतो आणि तू वाचत होतीस."

"कुठला महिना?"

"बारावा."

येंगताईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "त्या थंडीत मी समोरच्या टेकडीवर तीन अंत्ययात्रा पाहिल्या," ती म्हणाली. "खंदकाच्या भोकातून दिसायचं. पांढरे पटके तेवढे दिसायचे. त्यातली कुठली?"

मेननं वाटी उचलून विसळली.

दुपार कलायला लागली तशी मेन उठली. येंगताई म्हणाली, दोन दिवस राहा. मेन म्हणाली, उसाचा हंगाम आहे, परवापासून कारखान्यात कामावर जायचंय. पुलापर्यंत आम्ही दोघी पोचवायला गेलो. परत येताना येंगताई म्हणाली, "सहा वर्षं आमची आणि नऊ वर्षं भोंग्याची. भोंग्याचीच जास्त झाली."

पुढच्या वसंतात, थडगी झाडण्याच्या दिवसांत, ती मला घेऊन पाक मायला गेली. पाच रंगांचा चिकट भात, एक उकडलेली कोंबडी, उदबत्त्या. मेन वाट दाखवत पुढं. सिनचं थडगं अर्ध्या टेकडीवर होतं, तिथून आमचा डोंगर आणि खंदकाचं काळं भोक सरळ समोर दिसत होतं. येंगताईनं गवत उपटलं, माती लिंपली, भात ठेवला. आमच्यात गेलेल्याला हाक मारून जेवायला बोलवतात. ती हाक काही तिच्या तोंडून फुटेना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी मेनच म्हणाली, "बाबा, आई आली आहे. या, जेवा." आणि आम्ही उतरलो, कारण सहाला पुलावरचं फाटक बंद होतं.

ती दर वर्षी जात राहिली. मेनचं तिकडेच लग्न झालं, दोन मुलं झाली. एकदा जावयानं फार आग्रह केला म्हणून येंगताई कायमची राहायला म्हणून गेली आणि बाराव्या दिवशी परत आली. तीच म्हणाली, "चांगले आहेत सगळे. नातवंडं आमची बोली बोलत नाहीत. शाळेत दुसरी शिकवतात. मी बोलले की हसतात, आणि मेन त्यांना दटावते. मला ते दटावणं सोसेना." खाम गेला तेव्हा ती मातीला गेली, शेवटच्या रांगेत बसली. भावजयीनं तिला तांदळाच्या दारूचा पेला दिला. तो तिनं घेतला. तेवढं बोलणं झालं.

कोरोनाच्या साथीच्या वर्षांत पलीकडच्या सरकारनं काठानं उंच जाळी उभारली. पूल बंद झाला, तो पुन्हा उघडल्यावरही कागदपत्रं इतकी वाढली की ऐंशीच्या घरातल्या बाईला ती झेपेनात. गुडघेही गेले. पत्र लिहून देते म्हटलं, तर मेनला आमची अक्षरं येत नाहीत आणि मला तिकडची येत नाहीत. मग मेननं कुणाकडून तरी फोन पाठवला. गंमत अशी, की आमच्या गावात आमच्या मनोऱ्याची रेंज लागत नाही, पलीकडच्या मनोऱ्याची लागते.

दर रविवारी दुपारी फोन येतो. येंगताईला बटण दिसत नाही, म्हणून मी जाऊन बसते. मागच्या रविवारीही गेले होते.

"जेवलीस का?" मेननं विचारलं.

"जेवले. तू?"

"जेवले. काय केलं होतंस?"

"भोपळ्याचे कोंब. लसूण घालून."

"एकटीसाठी केलंस?"

"बाई आली आहे," येंगताई म्हणाली. "दोघी आहोत." मी काही जेवायला गेले नव्हते. मग पलीकडे मेनच्या नातवंडाचं रडणं ऐकू आलं, ती म्हणाली ठेवते, आणि फोन बंद झाला. येंगताईनं तो माझ्याकडे दिला, फडताळातून दोन वाट्या काढल्या आणि माझ्यासमोर एक ठेवली.